सर्रा : गोठ्यातला जंतू माणसाच्या रक्तात

हिवताप आणि हत्तीरोग डासामुळे पसरतात, प्लेग पिसवेमुळे. ही समीकरणे शाळेतल्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. परीक्षेत जोड्या लावा म्हटले की ती बिनचूक उतरतात. पण गुरेढोरे असलेल्या घरातला एखादा चौकस विद्यार्थी कधीतरी वेगळाच प्रश्न विचारतो. ‘‘गोठ्यात गुरांना चावणारी माशी आम्हालाही चावते. मग गुरांचा रोग आम्हाला का होत नाही?’’

प्रश्न साधा वाटला तरी त्याचे पुरेसे उत्तर विज्ञानाला एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत देता आलेले नव्हते. ते मिळण्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याच्या आजाराचा मोठा वाटा आहे. रोग जुनाच होता. १८८० साली एका डॉक्टराने त्याचा जंतू घोड्यांच्या रक्तात प्रथम पाहिला. त्या रोगाचे नाव सर्रा.

शिवणीचा शेतकरी

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात शिवणी नावाचे गाव आहे. २००४ साली या गावातील एका मध्यमवयीन शेतकऱ्याला ताप येऊ लागला. ताप यायचा, उतरायचा, थोडे दिवस बरे वाटायचे आणि पुन्हा यायचा. असे पाच महिने चालले. विदर्भाच्या या भागात असा ताप म्हटला की पहिला संशय हिवतापाचा. पण या शेतकऱ्याच्या रक्ताच्या काचपट्टीवर वेगळेच काही दिसले. तांबड्या पेशींच्या मधल्या जागेत लांबट, नागमोडी, एका टोकाला शेपटासारखा धागा असलेले जंतू होते, आणि ते मोठ्या संख्येने होते.

हे जंतू ट्रायपॅनोसोमा या गटातले होते. या गटातील जंतूंमुळे माणसाला होणारे दोन रोग जगाला ठाऊक आहेत. एक आफ्रिकेतला निद्रारोग आणि दुसरा दक्षिण अमेरिकेतला शागासरोग. निद्रारोग त्सेत्से माशीमुळे पसरतो आणि ही माशी भारतात नाही. शागासरोग पसरवणारा रक्तशोषक ढेकूण दक्षिण व मध्य अमेरिकेतला. मग हा जंतू आला कोठून?

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. जागतिक आरोग्य संघटना आणि परदेशी तज्ज्ञ यांचीही मदत घेण्यात आली. जंतूचा आकार, रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे आणि जंतूचे जनुकीय द्रव्य या तिन्ही बाजूंनी तपासणी झाली. तिन्ही तपासण्यांचे उत्तर एकच आले. हा जंतू ट्रायपॅनोसोमा इव्हान्सी, म्हणजे जनावरांच्या सर्रा रोगाचा. २००५ साली अमेरिकेतल्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या एका नियतकालिकात हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. सर्राच्या जंतूमुळे माणूस आजारी पडल्याची जगातील ही पहिली सिद्ध झालेली नोंद होय.

जंतू मेंदूपर्यंत पोहोचला आहे का, हे पाहण्यासाठी रुग्णाच्या मेरुद्रवाची तपासणी केली. तो तेथे पोहोचला नव्हता. म्हणून निद्रारोगाच्या पहिल्या अवस्थेत वापरले जाणारे सुरामिन हे जुने औषध त्याला देण्यात आले आणि त्याच्या रक्तातून जंतू नाहीसे झाले.

डेरा इस्माईल खानचे घोडे

जंतूच्या नावातील ‘इव्हान्सी’ हा शब्द ज्यांच्यावरून आला ते ग्रिफिथ इव्हान्स १८३५ साली वेल्समध्ये जन्मले. ते ब्रिटिश सैन्यात पशुवैद्य होते. कॅनडात नेमणूक असताना त्यांनी मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातून १८६४ साली माणसांच्या वैद्यकाचीही पदवी घेतली. जनावरांचा आणि माणसांचा असा दोन्हींचा वैद्य त्या काळीही विरळाच.

१८८० साली इव्हान्स पंजाबात होते. दुसरे अफगाण युद्ध चालू होते आणि सिंधू नदीकाठच्या डेरा इस्माईल खान भागात सैन्याचे घोडे, खेचरे आणि उंट एका रोगाने पटापट मरत होते. जनावराला ताप यायचा, उतरायचा, परत यायचा. खाणे चालू असूनही ते खंगत जाई. पाय आणि पोटाखालचा भाग सुजे. रक्त पातळ होई आणि शेवटी ते कोसळे. स्थानिक लोक या रोगाला सर्रा म्हणत. काही इंग्रजी शब्दकोश या नावाचा उगम मराठी ‘सूर’ या शब्दात, म्हणजे नाकातून जोराने श्वास निघताना होणाऱ्या आवाजात शोधतात. काही अभ्यासक हिंदीतल्या ‘सडा’कडे, म्हणजे सडलेला या शब्दाकडे बोट दाखवतात.

इव्हान्स यांनी आजारी घोड्यांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यात वळवळणारे जंतू त्यांना दिसले. त्या काळी रोग जंतूंमुळे होतात हा विचारच नवा होता. रॉबर्ट कॉख यांनी काळपुळीच्या जंतूवरचे काम प्रसिद्ध केले त्याला जेमतेम चार वर्षे झाली होती. हिवतापाचा परजीवी लाव्हरान यांना अल्जीरियात दिसला तो याच १८८० साली. रॉस यांना डासाच्या पोटात तो सापडायला अजून सतरा वर्षे होती.

वरिष्ठांना इव्हान्स यांचे म्हणणे पटले नाही. त्याला कारणही होते. टिमोथी लुईस या नामांकित संशोधकाने १८७८च्या सुमारास कलकत्त्यात उंदरांच्या रक्तात असेच जंतू पाहिले होते आणि ते उंदीर तर ठणठणीत होते. मग घोड्यातले जंतूही निरुपद्रवीच असणार, ते रोगाचे कारण नसून खंगलेल्या शरीरात शिरलेले उपरे असणार, असा तर्क लढवला गेला.

तर्काला तर्काने उत्तर देत बसण्याऐवजी इव्हान्स यांनी प्रयोग केला. आजारी जनावराचे रक्त त्यांनी निरोगी घोड्याला आणि कुत्र्याला टोचले. त्यांच्या रक्तात जंतू दिसू लागले आणि त्यांना रोगही झाला. जंतू आधी आणि आजार नंतर, हा क्रम त्यातून दिसला. सस्तन प्राण्यांमध्ये ट्रायपॅनोसोमामुळे रोग होतो याचा हा जगातील पहिला पुरावा. आपल्या अहवालात त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. मोठ्या तपकिरी माशांच्या चाव्याने हा रोग होतो, असे तेथील लोक मानत. इव्हान्स यांनी ही समजूत अडाणीपणाची म्हणून सोडून दिली नाही, आणि ती खरी ठरली.

इव्हान्स यांना मान मिळायला उशीर झाला. पण ते शंभर वर्षे जगले आणि १९३५ साली वारले. तोवर आफ्रिकेत डेव्हिड ब्रूस यांनी गुरांच्या नगाना रोगाचा ट्रायपॅनोसोमा शोधला होता, निद्रारोगाचे कारण उलगडले होते आणि ब्राझीलमध्ये कार्लोस शागास यांनी १९०९ साली आपला रोग शोधला होता. शागास यांना जंतू आधी कीटकाच्या आतड्यात दिसला आणि मग त्याचा माग काढत ते दोन वर्षांच्या एका आजारी मुलीपर्यंत पोहोचले. इव्हान्स यांची वाट उलटी होती. त्यांना रोग माहीत होता, जंतू सापडला आणि कीटकाचा पुरावा मात्र बाकी राहिला.

मुंबई, पुणे आणि माशीचा पुरावा

सर्राच्या पुढच्या अभ्यासात महाराष्ट्राचाही भाग आहे. १८८५ साली ब्रह्मदेशातील सैन्याच्या खेचरांमध्ये हाच रोग जॉन स्टील यांनी अभ्यासला आणि जंतूला इव्हान्स यांचे नाव दिले. जंतू कोणत्या गटातला हे ओळखण्यात ते चुकले. त्यांनी त्याला मळसूत्री जिवाणूंच्या गटात टाकले होते. जंतूचे ट्रायपॅनोसोमाशी असलेले नाते नंतरच्या वर्षांत स्पष्ट झाले. हे स्टील १८८६ साली परळला सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य होत.

१८८९ साली पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, जनावरांच्या रोगांवरील सरकारी प्रयोगशाळा निघाली. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी घोड्यांच्या सर्रावर सविस्तर अहवाल लिहिला. १८९३ साली ही प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था हा त्याच प्रयोगशाळेचा विस्तार.

माशीचा पुरावा १९०१ साली लेनर्ड रॉजर्स यांनी प्रसिद्ध केला. त्यांचा प्रयोग शाळेत शिकवण्याजोगा आहे. गोमाशीला आधी आजारी जनावराला चावू दिले आणि ती रक्त पिऊन तृप्त होण्याआधीच उचलून निरोगी जनावरावर बसवले. निरोगी जनावर आजारी पडले. दुसऱ्या खेपेला आजारी जनावराला चावलेल्या माश्या एक किंवा अधिक दिवस ठेवून मग निरोगी जनावराला चावू दिल्या. या वेळी काही झाले नाही.

या दोन ओळींत सर्रा आणि हिवताप यांच्यातला मुख्य फरक सांगून झाला. डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी वाढतो, त्याच्या अवस्था बदलतात, आणि काही दिवस गेल्याशिवाय डासाचा चावा धोक्याचा ठरत नाही. डास हे त्या परजीवीचे दुसरे घरच आहे. गोमाशीत मात्र सर्राचा जंतू वाढत नाही. तिच्या तोंडाला चिकटलेल्या रक्तात तो थोडाच वेळ जिवंत राहतो. गोमाशी येथे नुसत्या सुईचे काम करते. तिचे तोंड सुरीसारखे कातडे कापते. चावा दुखतो, जनावर शेपूट मारते, माशी अर्धपोटी उठते आणि शेजारच्या जनावरावर बसते. तिचे जेवण मोडते म्हणूनच रोग पसरतो. गोठ्यात आढळणारी चावरी तबेलामाशीही हेच काम करते.

जंतूशास्त्रज्ञांनी पुढे यामागचे कारणही शोधले. सर्राचा जंतू आफ्रिकेतल्या नगानाच्या जंतूपासून निघालेला आहे. नगानाच्या जंतूला त्सेत्से माशीच्या पोटात राहण्यासाठी जी जनुके लागतात, त्यांतला एक संच सर्राच्या जंतूने गमावला आहे. त्यामुळे तो त्सेत्सेत राहू शकत नाही, पण त्याला तिची गरजही उरली नाही. कोणतीही चावरी माशी चालते. म्हणून उंट आणि घोडे यांच्याबरोबर तो आफ्रिकेबाहेर पडला आणि आशियात पसरला. दक्षिण अमेरिकेत तर रक्त पिणारी वटवाघळेही त्याला वाहून नेतात. गमावणे हे नेहमीच दुबळेपणाचे लक्षण नसते, हे उत्क्रांतीच्या धड्यात सांगायला हे चांगले उदाहरण आहे.

रक्तातला बहुरूपी

ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. घोड्यांमध्ये इव्हान्स यांनी आणि शेतकऱ्यामध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी हे पाहिले. असे का होते?

सर्राचा जंतू सुमारे पंचवीस मायक्रॉन लांबीचा असतो, तांबड्या पेशीच्या तिप्पट-चौपट. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत लपतो. हा तसा लपत नाही, उघड्यावर रक्तद्रवात पोहतो. मग शरीराचे संरक्षक त्याला मारत का नाहीत? मारतात. पण जंतूच्या अंगावर एकाच प्रकारच्या प्रथिनाचा दाट अंगरखा असतो. शरीराला त्याची ओळख पटायला काही दिवस लागतात. मग त्या अंगरख्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, जंतूंचा फडशा पडतो आणि ताप उतरतो. तेवढ्यात थोड्या जंतूंनी वेष बदललेला असतो. त्यांच्याजवळ निरनिराळ्या अंगरख्यांची शेकडो जनुके असतात, एका वेळी त्यांतले एकच वापरात असते. नवा अंगरखा जुन्या प्रतिपिंडांना ओळखू येत नाही. वाचलेले जंतू वाढतात आणि ताप परततो. गावात येणारा बहुरूपी आज पोलीस तर उद्या साधू होऊन दारात उभा राहतो, तसाच हा प्रकार.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, सर्रावर लस करणे फार अवघड आहे. दुसरी, ताप उतरलेल्या दिवशी घेतलेल्या रक्तात जंतू दिसेलच असे नाही. तपासणी पुन्हा करावी लागते.

माणूस सुटतो कसा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्या जंतूपुढे घोडा आणि उंट टिकत नाहीत, तो माणसाला सहसा आजारी का पाडत नाही?

लाव्हरान यांनीच १९०२ साली एक गोष्ट दाखवली होती. ट्रायपॅनोसोमाची लागण झालेल्या उंदराला माणसाचा रक्तद्रव टोचला की जंतू मरतात. म्हणजे माणसाच्या रक्तातच यांच्यासाठी विष आहे. ते कोणते, हे कळायला शंभर वर्षे लागली. २००३ साली बेल्जियममधील एत्येन पेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ओळखले. त्याचे नाव अपोलिपोप्रोटीन एल-१, थोडक्यात अपोएल-१. रक्ताच्या तपासणीत ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणून ज्याचा उल्लेख असतो, त्या मेदकणांवर हे प्रथिन स्वार झालेले असते. जंतू हे कण अन्न म्हणून गिळतो. आत गेल्यावर अपोएल-१ जंतूच्या पचनाच्या पिशवीच्या आवरणाला भोके पाडते. जंतू फुगतो आणि फुटतो.

घोडे, उंट, गुरे आणि कुत्रे यांच्या रक्तात हे हत्यार नाही. माणसात ते आहे. आफ्रिकेतील निद्रारोगाच्या जंतूंनी यावर आपापल्या युक्त्या शोधल्या आहेत. त्यांच्यातला पूर्व आफ्रिकेतला प्रकार तर अपोएल-१ला घट्ट धरून निकामी करणारे प्रथिनच तयार करतो. सर्राच्या जंतूला अशी युक्ती येत नाही.

मग शिवणीचा शेतकरी आजारी कसा पडला? जंतू बदलला होता की माणूस वेगळा होता? जंतू बदलला असेल तर ही मोठीच धोक्याची सूचना होती, कारण भारतात गुरांची आणि माश्यांची काय कमतरता? म्हणून शेतकऱ्याचा रक्तद्रव तपासण्यात आला. इतर माणसांच्या रक्तद्रवात सर्राचे जंतू मरत होते, त्याच्या रक्तद्रवात ते मरत नव्हते. त्याच्या रक्तात अपोएल-१ सापडलेच नाही. प्रयोगशाळेत तयार केलेले अपोएल-१ त्याच्या रक्तद्रवात मिसळल्यावर जंतू मरू लागले. २००६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जंतू नेहमीचाच होता. माणसाकडचे हत्यार नाहीसे झाले होते.

एक अक्षर गळाले की

हत्यार नाहीसे होण्याचे कारण जनुकात होते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याला मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. या शेतकऱ्याच्या अपोएल-१ जनुकाच्या दोन्ही प्रतींत वाचनाची चौकट सरकवणारा बिघाड होता.

हे वर्गात फळ्यावर सहज दाखवता येते. जनुकाची अक्षरे पेशी तीन-तीनच्या गटांनी वाचते. तीन-तीन अक्षरी शब्दांचे एक वाक्य लिहा : रमण गवत उचल परत. आता दुसरे अक्षर ‘म’ पुसा, पण वाचायचा नियम तोच ठेवा. वाक्य होते : रणग वतउ चलप रत. गळाले एकच अक्षर, पण त्यापुढचा सगळा अर्थ गेला. प्रथिनाचेही असेच होते. एकच प्रत बिघडली तर दुसरी काम चालवते. दोन्ही बिघडल्या तर प्रथिन तयारच होत नाही.

एवढे असूनही तो शेतकरी अपोएल-१शिवाय चाळीसहून अधिक वर्षे जगला होता. म्हणजे रोजच्या जगण्याला हे प्रथिन अत्यावश्यक नाही. त्याचा उपयोग अशा जंतूशी गाठ पडली की कळतो.

विदर्भातल्या शिक्षकांना सिकलसेल ठाऊक आहे. त्या जनुकाची एक प्रत हिवतापापासून बचाव करते, दोन प्रती आल्या तर आजार होतो. अपोएल-१चीही अशीच एक कथा आहे. आफ्रिकी वंशाच्या लोकांत या जनुकाची काही वेगळी रूपे आढळतात. ती निद्रारोगाच्या पूर्व आफ्रिकी जंतूलाही मारू शकतात, पण त्यांच्या दोन प्रती असलेल्यांना मूत्रपिंडाच्या आजाराचा धोका वाढतो. हे २०१० साली कळले. रोगाशी झुंजताना मिळालेल्या हत्याराची किंमत शरीराला कधीकधी अशी मोजावी लागते.

गावातले बाकीचे लोक

शिवणीत आणखी कोणी आजारी आहे का, हे पाहण्यासाठी गावातल्या १,८०६ लोकांची तपासणी झाली. सर्राच्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडे आहेत का, हे दाखवणारी झटपट चाचणी ४१० जणांत सकारात्मक आली. रक्तद्रव पातळ करून अधिक काटेकोर चाचणी केल्यावर ८१ जण उरले. त्यांतील जोरदार प्रतिक्रिया असलेल्या ६० जणांच्या रक्तात प्रत्यक्ष जंतू शोधले, एकाच्याही रक्तात सापडले नाहीत.

या आकड्यांवरून विद्यार्थ्यांना एक महत्त्वाचा भेद शिकवता येतो. प्रतिपिंडे सापडणे म्हणजे रोग असणे नव्हे. जंतूशी किंवा त्याच्यासारख्या दुसऱ्या कशाशी तरी शरीराची गाठ पडली होती, एवढेच ती सांगतात. शिवणीतील बऱ्याच लोकांची या जंतूशी गाठ पडली असावी आणि त्यांच्या शरीराने त्याला टिकू दिले नसावे, असा अर्थ या आकड्यांशी जुळतो.

शेतकऱ्याला जंतू मिळाला तो बहुधा आजारी जनावराच्या रक्ताशी आलेल्या संपर्कातून, असा डॉक्टरांचा निष्कर्ष होता. जनावरांत काम करणाऱ्याच्या हातापायांवर लहानमोठ्या जखमा असतातच.

अपोएल-१चे उत्तर समाधानकारक असले तरी ते पूर्ण नाही. २०१५ साली व्हिएतनाममधील एका स्त्रीला सर्राच्या जंतूची लागण झाल्याचे निश्चित झाले. तिच्या अपोएल-१ जनुकाच्या दोन्ही प्रती ठीक होत्या आणि रक्तातले त्याचे प्रमाणही नेहमीएवढे होते. कच्चे गोमांस हाताळताना झालेल्या जखमेतून जंतू शिरला असावा असा अंदाज आहे. म्हणजे हत्यार शाबूत असतानाही जंतू क्वचित निसटू शकतो. तो कसा, याचा शोध पुढच्या पिढीतल्या कोणाला तरी घ्यावा लागेल.

आपण काय करावे?

माणसात सर्रा अतिशय विरळा आहे, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. जनावरांत मात्र तो विरळा नाही. माळेगावच्या यात्रेतले घोडे असोत की मराठवाड्यातल्या वाड्यावस्त्यांवरची गुरे, पावसाळ्यात आणि त्यानंतर चावऱ्या माश्या वाढल्या की धोका वाढतो. घोडा, उंट आणि कुत्रा यांना तो झपाट्याने खातो. गाईम्हशींत बहुतेक वेळा छुपा राहतो, दूध घटते, गाभ टिकत नाही आणि कारण कळत नाही. नंदनकानन या ओडिशातील प्राणिसंग्रहालयात २००० साली वाघ दगावले ते ट्रायपॅनोसोमाच्याच साथीत. जनावरांसाठी औषधे आहेत, पण ती पशुवैद्याने रक्त तपासून द्यायची.

मुलांना सांगण्यासारख्या गोष्टी थोड्या आणि साध्या आहेत. हाताला जखम असेल तर जनावराचे रक्त किंवा कच्चे मांस उघड्या हाताने हाताळू नये. गोठ्याभोवती ओले शेण आणि कुजका चारा साठू देऊ नये, तबेलामाशी त्यातच वाढते. ताप पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांना घरातली जनावरेही आजारी आहेत का, हे आवर्जून सांगावे. डॉक्टर विचारतीलच याची वाट पाहू नये. इव्हान्स दोन्हींचे वैद्य होते म्हणून त्यांना जे सुचले, ते आज डॉक्टर आणि पशुवैद्य यांनी एकमेकांना विचारून साधावे लागते.

रॉजर्स यांचा प्रयोग वर्गात शाई आणि टाक घेऊन करता येईल. टाक शाईत बुडवून लगेच कोऱ्या कागदावर टेकवा, डाग उठतो. दुसरा टाक बुडवून तासभर वाळू द्या आणि मग टेकवा. डाग उठत नाही. पहिला टाक म्हणजे जेवण मोडलेली गोमाशी, दुसरा म्हणजे दिवसभर अडकवून ठेवलेली. मग मुलांना विचारा, गोमाशीऐवजी डास असता आणि सर्राऐवजी हिवताप असता, तर या प्रयोगाचे उत्तर काय आले असते? मुलांना याचे उत्तर कारणासह देता आले, तर जोड्या लावण्यापलीकडचे काही त्यांच्या हाती लागले असे समजावे.